बादलीचं माप

पाण्याची कुठलीही बातमी मी आधी बादल्यांत मोजून बघते. वर्तमानपत्रात टीएमसी असतं, दिवसाला इतके दशलक्ष लिटर असं असतं, आणि वाचताना हे आकडे डोळ्यांखालून नुसते सरकत जातात. त्यांची बादल्यांत फोड केली की मग त्यांना वजन येतं, खांद्याला रग लागते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. आमच्या न्हाणीघरातली बादली वीस लिटरची. म्हणजे एका टीएमसीत एकशे चाळीस कोटी बादल्या. देशातल्या माणसागणिक एक. एवढा हिशेब केला की कावेरीवरून दोन राज्यं इतकी वर्षं का भांडतात ते कळायला लागतं.

ही सवय लातूरकडची. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी घरामागे आड होता आणि त्याच्या काठावर जस्ताची एक बादली कायम उपडी घातलेली असे. तिच्या बुडाला दोन ठिकाणी डाक लावलेला होता. कडी हाताला काचू नये म्हणून तिला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असायची. ती ओली चिंधी, तिचा शेवाळी वास आणि बादली पाण्यावर आपटून तिरकी होताना येणारा डुबुक आवाज, हे सगळं मला अजून जसंच्या तसं आठवतं. पाणी किती परस खाली गेलं हे आजी दोराच्या वेढ्यांवरून सांगायची. चैत्र लागला की दोराला गाठ मारून आणखी एक तुकडा जोडावा लागे. आमच्या घरात टंचाईची बातमी अशी यायची, दोराच्या गाठीतून.

शेंदून काढलेल्या प्रत्येक बादलीचं काम ठरलेलं असे. पहिलं पाणी गाळून प्यायच्या रांजणात, मग स्वयंपाकाला, मग गुरांना, मग अंघोळीला. न्हाणीचं सांडपाणी केळीला जाई आणि भांडी विसळलेलं अळूला. पाण्याला आमच्या घरी दोन जन्म असत, कधी कधी तीन. कुणी कुणाला वाया घालवू नका असं सांगत नसे. ज्यानं बादली ओढली त्याला ते सांगावं लागत नाही.

१९७२ चा दुष्काळ माझ्या जन्माआधीचा. आईनं तो नव्या नवरीच्या वयात बघितला. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. ‘तेव्हा ज्वारी नव्हती, पण आडाला पाणी होतं,’ असं ती आजही सांगते. पुढे गावात बोअर आले, मांजरेच्या पट्ट्यात ऊस वाढला आणि बोअरची खोली दरवर्षी वाढत गेली. आमच्या आडावर जाळी बसली. जस्ताची बादली गोठ्यात गेली. मोटरचं बटण दाबलं की पाणी यायला लागलं, आणि ते किती खोलातून येतंय हे सांगणारा दोर घरातून नाहीसा झाला.

लग्नानंतर मी बंगळूरला आले ती मल्लेश्वरमच्या एका भाड्याच्या घरात. आठव्या क्रॉसवरच्या बाजारातून पहिली खरेदी केली त्यात निळी प्लॅस्टिकची बादली होती. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातले दोन नळ दाखवले: हा कावेरी, हा बोअर. प्यायला आणि भाताला कावेरी, बाकी सगळ्याला बोअर. कावेरी एक दिवसाआड संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत यायची, तिथून मोटरनं वरच्या टाकीत चढवायची. पाणी येण्याच्या दिवशी घरमालकीणबाई पहाटेच उठून संपचं झाकण उचलून बघायच्या. त्यांचं ते वाकून बघणं मला इतकं ओळखीचं वाटलं की या शहरात आपला निभाव लागेल असं त्या दिवशी मनात आलं.

या शहराजवळ एकही मोठी नदी नाही, हे मला फार उशिरा नीट समजलं. बंगळूर तळ्यांवर जगलेलं गाव. केंपेगौडांच्या काळापासून इथे एका तळ्याचं पाणी भरून दुसऱ्यात जाईल अशी रचना होती. वस्ती वाढली तशी १८९६ मध्ये हेसरघट्टा तलावातून पाणी आणलं, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीतून, आणि १९७४ मध्ये कावेरी आली. दर वेळी पाणी आणखी लांबून. आज ते मंड्या जिल्ह्यातल्या तोरेकाडनहळ्ळीहून शंभरेक किलोमीटर येतं आणि वाटेत तीन ठिकाणी पंप लावून सुमारे पाचशे मीटर वर चढवावं लागतं. दरम्यान जवळची तळी बुजत गेली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्टँड आहे, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम. आजीच्या भाषेत सांगायचं तर आड बुजवला आणि दोर शंभर किलोमीटर लांब केला.

२०१६ हे साल माझ्या दोन्ही घरांना एकाच वेळी पाण्यानं गाठणारं होतं. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. भाऊ तोवर लातूर शहरात राहायला आला होता आणि आई त्याच्याकडे होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी बंगळूरला टीव्हीसमोर बसून भागाकार केला: पंचवीस हजार बादल्या. लातूरची वस्ती चार लाखांच्या घरात, म्हणजे सोळा माणसांत एक बादली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तेव्हा हा हिशेब जरा सुसह्य झाला. ते पाणी गल्लीत पोचलं तेव्हा आईनं पहिल्या घागरीला हळदकुंकू वाहिलं आणि मला फोन केला, ‘कृष्णामाई आपल्या दारात आली गं.’ साडेतीनशे किलोमीटरवरच्या लोकांनी आपल्या नदीतलं पाणी धाडलं याचं तिला अप्रूप होतं, आणि ते ती दिवसभर येईल त्याला सांगत होती.

त्याच वर्षी १२ सप्टेंबरला बंगळूर पेटलं. सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकाला तमिळनाडूसाठी कावेरीचं पाणी सोडायला सांगितलं होतं. रस्त्यावर बस जाळल्या गेल्या, काही भागांत संचारबंदी लागली. तोवर आम्ही शहराच्या पूर्वेला फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब तंजावरकडचं. त्यांच्या गाडीची नंबरप्लेट तमिळनाडूची, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ती पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवली आणि पुढे आमची गाडी उभी केली. संध्याकाळी त्यांचे वडील आणि आमचा मंड्याचा वॉचमन जिन्यात एकाच बाकावर बसले होते. एकाला कावेरीच्या मुखाकडच्या आपल्या भाताची काळजी, दुसऱ्याला धरणाजवळच्या आपल्या भाताची. दोघांच्या शेतात पाणी नव्हतं. शहाजीराजांनी जहागिरीचा संसार मांडला तो या बंगळुरात आणि त्यांच्या व्यंकोजीराजांनी राज्य उभारलं ते तंजावरात. या भांडणाच्या दोन्ही बाजूंना आपली मराठी माणसं शतकानुशतकं राहत आली आहेत. त्या बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाची बाजू घेणं मला त्या दिवशी जमलं नाही, आणि आजही जमत नाही. टंचाईच्या वर्षी पाणी कसं वाटायचं याचं माप आधीच ठरलेलं आणि पाळलेलं असलं, तरच असे दोघं एका बाकावर बसलेले राहतील.

मग २०२२ च्या सप्टेंबरात एवढा पाऊस झाला की आउटर रिंग रोडवरचे संगणक कंपन्यांचे लोक ट्रॅक्टरमधून कामावर गेले. तिकडे तोरेकाडनहळ्ळीच्या पंपगृहात पाणी शिरलं आणि शहराचा पुरवठा बंद पडला. रस्त्यात गुडघाभर पाणी आणि नळाला थेंब नाही.

आणि २०२४ चा मार्च. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. शहरातल्या तेरा हजार नऊशे सरकारी बोअरपैकी सहा हजार नऊशे आटल्याचं छापून आलं. आपल्या घरचाही बोअर आटल्याचं उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी सांगितलं. प्यायच्या पाण्यानं गाडी धुतली किंवा बाग शिंपली तर पाच हजार रुपये दंड ठरला. जिल्हा प्रशासनानं टँकरचे दर बांधून दिले, पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरला हजार रुपये. आमच्या सोसायटीचे दोन्ही बोअर एका आठवड्यात बसले. नळाला सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर पाणी, असं लिफ्टजवळच्या फळ्यावर लागलं.

त्या दिवशी घरातल्या सगळ्या बादल्या मी एका ओळीत मांडल्या. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते. ती काढून एका बादलीत सोडली. एक हंडा पिण्याचं पाणी भरेपर्यंत त्याहून जास्त पाणी त्या नळीतून बादलीत जमत होतं. इतकी वर्षं ते डोळ्यांदेखत गटारात जात होतं. ते फरशी पुसायला घेतलं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपडे विसळलेलं संडासात. नोकरीला लागलेली माझी मुलगी शॉवरखाली वाढलेली. ती पहिल्यांदा बादली-तांब्या घेऊन अंघोळीला गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, ‘आई, केस धुऊनसुद्धा अर्धी बादली उरली.’ तिच्या आवाजात नवल होतं. माझ्या आजीची सगळी विद्या त्या एका वाक्यात माझ्या मुलीपर्यंत पोचली.

आमच्याकडे कामाला येणारी बाई कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदकडची. तिची मराठी आमच्या औशाच्या बोलीला लागून असलेली. पाऊस गेला म्हणून ती कुटुंबासकट बंगळूरला आली आणि पत्र्याच्या वस्तीत राहते. तिला मी विचारलं, तुमच्याकडे पाण्याचं कसं? ती म्हणाली, ‘टँकर कवा येतोय ते देवालाच ठावं, अक्का. रातच्याला आला तर रातच्याला उठायचं. घरटी आठ घागरी.’ पाच माणसांना आठ घागरी. माझ्या घरातल्या टंचाईतलं पाणीसुद्धा तिच्या घरातल्या भरल्या दिवसाहून जास्त होतं. आम्ही सोसायटीत बोलून ठरवलं की काम करणाऱ्या बायकांनी जाताना पिण्याचं पाणी भरून न्यायचं. दहा लिटरचे डबे ओझं वाटत असतील, पण त्या रोज घेऊन जायच्या. पाण्याच्या बातमीत आकडे शहराचे येतात. रात्री उठणारी बाई त्यांत दिसत नाही, आणि तिच्याच झोपेवर या शहरातली पुष्कळ घरं लख्ख राहतात.

१६ ऑक्टोबर २०२४ ला कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं. दिवसाला आणखी साडेसत्त्याहत्तर कोटी लिटर, मुख्यतः २००७ मध्ये शहरात आलेल्या एकशे दहा गावांसाठी. फार मोठं काम झालं आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण याहून पुढचं पाणी आणखी कुणाच्या तरी शेताजवळून येणार. म्हणून डोक्यावर पडतं ते आधी धरायला हवं. बंगळूरला वर्षाला सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे पावणेदहा लाख लिटरच्या आसपास होतात, म्हणजे बारा हजारांचे ऐंशी टँकर. थोडं उडून गेलं, थोडं सांडलं, तरी पन्नास-साठ टँकर आपल्याच छतावर रिकामे होतात.

आम्ही २०२४ च्या त्या उन्हाळ्याअखेर सोसायटीच्या आवारात पाणी मुरवायची विहीर खणून घेतली. खणायला मण्णू वड्डर समाजातले लोक आले, आपल्याकडचे वडार ते हेच. या शहरातल्या कितीतरी जुन्या विहिरी याच समाजानं खणल्या, आणि आता शहरात दहा लाख विहिरी करायच्या मोहिमेत त्यांचं हे कसब पुन्हा कामाला लागलं आहे. एक माणूस तीन फुटांच्या वर्तुळात उतरून आखूड दांड्याच्या कुदळीनं खणत होता, वर दुसरा दोरानं माती ओढत होता. बादली भरून वर यायची ती लाल मातीनं. खाली जाईल तशी माती गार आणि ओलसर होत गेली. मग सिमेंटची कडी एकावर एक उतरली आणि गच्चीचे पाइप गाळणीतून विहिरीत सोडले.

मुलीनं त्यानंतरच्या सोसायटीच्या बैठकीत आणखी एक गोष्ट मांडली. पाण्याचं बिल फ्लॅटच्या चौरस फुटांवर वाटलं जात होतं. ती म्हणाली, जो जेवढं वापरेल तेवढं त्यानं भरावं, घरटी मीटर बसवा. बराच वाद झाला, पण एप्रिल २०२५ मध्ये पाण्याचे दर वाढले आणि ठराव मंजूर झाला. आता दर महिन्याला आमच्या दारावर आमचा आकडा लागतो आणि त्याला वीसनं भागलं की आमच्या बादल्या कळतात.

टंचाईची बातमी मार्चमध्ये छापून येते. तिची तयारी त्याआधी, प्रत्येकानं आपापल्या छतावर करायची असते. इथे वळवाचा पाऊस एप्रिलमध्येच गाठतो. म्हणून आमच्या सोसायटीत आता पाडव्याच्या, म्हणजेच युगादीच्या आदल्या रविवारी सगळ्यांनी मिळून गच्ची झाडायची, पन्हाळीतला पाला काढायचा आणि गाळणीतली वाळू धुऊन घ्यायची असा नेम केला आहे. तंजावरची मंडळी येतात, मंड्याचा वॉचमन येतो, आळंदची बाई तिच्या मुलाला घेऊन येते. सणाच्या खरेदीआधी हे काम उरकतं.