कोरड्या बोअरचा हिशेब

सांगोल्याकडे मार्च उलटला की बोअरची गाडी गावात येते. गाडी बहुतेक वेळा तमिळनाडूची, आणि ती यायच्या आधी पाणाड्या येऊन गेलेला असतो. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो शेतातून हळूहळू चालतो. नारळ उभा राहिला की पाय थांबतात. तिथे दगड, दगडाला हळद-कुंकू, आणि मग रात्रभर गाडीची धडधड.

मी याच भागात गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालो. तेव्हापासून मला एक नाद लागला आहे. कुणाच्या शेतात बोअर पडते आहे असं कळलं की मी वही घेऊन जातो. जागा कुणी दाखवली, मुरूम कुठे संपला, काळा पाषाण कुठे लागला, पाणी किती इंची आलं की नुसताच फुफाटा उडाला, हे सगळं लिहून ठेवतो. लोकांना पहिल्यांदा वाटलं, मास्तर तलाठ्याला माहिती पुरवतोय. आता चहा देतात.

नादाचं मूळ पारावरच्या गप्पांत आहे. ‘त्याचा नारळ कधी खोटा पडला नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुराव्याची नावंही पाठ झाली होती. अमक्याचा मळा, तमक्याची डाळिंबाची बाग. नावं खरी, पाणीही खरं. पण शाळेला जाता-येता मला दगड ठेवून बंद केलेल्या बोअरही दिसत होत्या, आणि त्यांतल्या काही त्याच नारळाच्या होत्या. त्यांचं नाव पारावर कधी निघत नव्हतं. निघणार कसं? पाणी लागलं की पेढे वाटतात, मोबाइलवर व्हिडिओ फिरतो. कोरडी गेली की मालक कर्जाचा विचार करत घरी जातो आणि विषय मिटतो. गावाची आठवण अशी आधीच चाळून आलेली असते; तिच्यावरून अनुमान काढणारा माणूस कितीही हुशार असला तरी चाळणीत राहिलेलंच मोजणार.

आणि कुणी कोरड्या बोअरची आठवण करून दिलीच, तर उत्तरं तयार असतात. गाडी खुणेपासून हातभर सरकली. आणखी पन्नास फूट गेले असते तर लागलं असतं. पूजेत काहीतरी राहिलं. यातलं प्रत्येक उत्तर सुटं घेतलं तर अशक्य नाही. पण अशी उत्तरं हाताशी ठेवली की पाणाड्याला खोटं पाडील अशी बोअर पृथ्वीवर कुठेच मारता येणार नाही.

मी वहीत चार रकाने केले. पाणाड्याने दाखवली आणि लागलं. दाखवली आणि नाही लागलं. त्याला न विचारता मारली आणि लागलं. न विचारता मारली आणि नाही लागलं. गावाचा सगळा विश्वास पहिल्या रकान्यावर उभा होता. दुसरा विसरला जात होता, आणि तिसऱ्या-चौथ्याची तर कुणाला कल्पनाच सुचत नव्हती. यात नवं काही नाही. आपल्या न्यायशास्त्राने अन्वयाबरोबर व्यतिरेकही पाहायला सांगितलं आहे. धूर आहे तिथे अग्नी असतो, हे स्वयंपाकघरात पाहायचं. अग्नी नाही तिथे धूरही नसतो, हे तळ्यावर जाऊन पाहायचं. आमचं गाव स्वयंपाकघरातूनच परत येत होतं.

तिसऱ्या रकान्याचं महत्त्व दोन भावांमुळे लोकांसमोर आलं. वाटणीनंतर दोघांनी एकाच गटात, बांधाच्या अलीकडे-पलीकडे बोअर घ्यायचं ठरवलं. बोलणं बंद, त्यामुळे पाणाडेही वेगवेगळे. एकाचा नारळवाला, दुसऱ्याचा कडुलिंबाची बेचकी धरणारा. थोरल्याच्या पाणाड्याने धाकट्याच्या बाजूला हात करून सांगितलं, तिकडं समदा खडक हाय. बेचकीवाल्याने थोरल्याच्या रानाबद्दल तेच सांगितलं. दोन्हीकडे पाणी लागलं, जवळजवळ सारखंच. पारावर निकाल लागला: दोघंही जबर माणसं! दोघांनीही शेजारचं रान कोरडं सांगितलं होतं आणि दोघांचंही ते भाकीत चुकलं होतं, हे मी सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “सर, तुमचं गणित वहीत ऱ्हाऊ द्या. पाणी जमिनीत असतंय.”

बरोबरच बोलला तो. ते रान ओढ्याच्या काठचं, सखल, मुरमाचा थर जाड. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग लाव्हाच्या थरांनी झालेल्या बेसाल्टचा आहे. या खडकाच्या अंगात पाणी फारसं मुरत नाही. ते राहतं वरच्या कुजलेल्या थरात, भेगांत, आणि एक थर संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यात. जिथे असा थर जाड आहे तिथे डोळे मिटून खूण केली तरी थोडंफार पाणी लागण्याची शक्यता बरी असते. माळावर, घट्ट पाषाणात, कुणीही खूण केली तरी ती कमीच.

पाणाडे लबाड असतात असं मात्र मला वाटत नाही. मी ज्यांच्याबरोबर हिंडलो त्यांतले बरेच जण नारळ हातात घेण्याआधी उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, शेजारची विहीर किती खोल आहे, हे पाहून घेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, दकार्गल नावाचं प्रकरण आहे. त्यात झाडं आणि वारुळं यांवरून भूजलाचा अंदाज सांगितला आहे. त्यातले सगळे ठोकताळे टिकतील असं नाही, पण ते तपासता तरी येतात. नारळाचं तसं नाही. १८५२ साली विल्यम कार्पेंटर या इंग्रज डॉक्टराने दाखवून दिलं की मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात, आणि हलवणाऱ्याला वाटतं वस्तू आपोआप हलली. नारळ उभा करणारा माणूस प्रामाणिक असू शकतो. श्रेय डोळ्यांचं असतं, जमा होतं नारळाच्या खात्यावर.

पाणाड्यांच्या दाव्याची मोठी परीक्षा जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये झाली. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप जागा बदलत सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तो ओळखायचा. ४३ निवडक पाणाडे, ८४३ चाचण्या. प्रयोग करणाऱ्यांनी काही जणांत विलक्षण शक्ती असल्याचं जाहीर केलं. पुढे जिम एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासले. एका फेरीत चमकलेले पुढच्या फेरीत चमकत नव्हते. दर वेळी मधोमध बोट ठेवलं असतं तरी जवळपास तेवढंच यश आलं असतं. इतक्या जणांत काही जणांचं चार वेळा जुळणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे आमच्या आजीलाही माहीत होतं; फक्त किती कावळे बसून उडून गेले ते कुणी मोजत नाही.

माझ्या वहीचं काय निघालं, असं विचाराल. वही लहान आहे, एका टापूची आहे, तिच्यावरून राज्याला काही सांगण्याचा माझा दावा नाही. एवढं दिसलं की जमीन सारखी असली तर नारळाने दाखवलेल्या आणि न दाखवलेल्या जागांत फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो ओढ्यापासूनच्या अंतराने आणि मुरमाच्या जाडीने.

एका शेतकऱ्याने खासगी भूवैज्ञानिकाला बोलावून यंत्राने जमिनीचा विद्युतरोध मोजून घेतला, आणि बोअर कोरडी गेली. ‘मशीन फेल’ ही बातमी तालुकाभर फिरली. बेसाल्टमध्ये यंत्रही खात्री देत नाही, फार तर शक्यता वाढवतं. पण एका अपयशावर यंत्र बाद करायचं आणि नारळाची अपयशं मोजायचीच नाहीत, ही दोन मापं मला खटकतात.

यंदा बोअर घेणार असाल तर पाणाड्याला अवश्य बोलवा, मी अडवत नाही. फक्त गेल्या दोन उन्हाळ्यांत त्याने दाखवलेल्या सगळ्या जागांचे गट नंबर मागा, कोरड्या गेलेल्यांसकट. शेजारच्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात स्वतः जाऊन बघा. आणि बोअर कोरडी गेली तर फूट, थर, तारीख लिहून पारावर लावा.