फराळाचा डबा, ज्याच्या त्याच्यासाठी

मागच्या भाऊबीजेला गिरगावात वन्संकडे गेलो तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. वन्संना मधुमेह. म्हणून घरच्यांसाठी करंज्या-चकल्यांचा मोठा डबा, आणि त्यांच्यासाठी दादरच्या एका दुकानातले 'बिनसाखरेचे' खजूर-अंजिराचे लाडू, वेगळ्या पेटीत, लाल फीत बांधून. वन्संनी पेटी उघडली, परत झाकण लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "म्हणजे मी आता पेशंट झाले वाटतं!" माझा चहा तसाच निवला.

शिवाय लाडूही चुकलेच होते. वरून साखर घातली नाही म्हणून ती नाहीशी थोडीच होते? खजुरात, अंजिरात, गुळात ती असतेच, आणि रक्तात चढायची तेवढी चढतेच.

यंदा मात्र ठरवलं, आधी विचारायचं, मग पिशवी उचलायची. शनिवारी शाळा सुटल्यावर करी रोडला उतरून लालबाग गाठलं. दिवाळीच्या तोंडावर चिवडा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा, मक्याचा, असे चिवड्याचे ढीगच्या ढीग, आणि मागितलं की चवीला तळहातावर चिमूट. जवळच्याच मसाला गल्लीतून भाजल्या मिरचीचा खकाणा येतो. शिंकत शिंकतच भाव करायचा.

मी दुकानदाराला विचारलं, "हिंग कुठला घालता हो?" पगार विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला. पण कारण होतं. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला सीलिॲक आहे. गव्हातल्या ग्लूटेननं त्याच्या आतड्याचं अस्तर बिघडतं. चिमूटभरही चालत नाही. शंकरपाळी, करंजी, चिरोटे, रव्याचा लाडू सगळं बाद, हे आपल्याला कळतं. पण बाजारच्या पूड हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला कुठे माहीत होतं! पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, असा आपल्याकडे नियम आहे. सुट्ट्या चिवड्याला पाकीटच नाही, तर वाचणार काय?

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, आमच्या याच कढईत शंकरपाळीपण तळतात. पोराला हे देऊ नका." गिऱ्हाईक घालवून खरं बोलला. मी घरच्यांसाठी अर्धा किलो घेतला.

भाच्यासाठी मग घरीच चकली. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने-जिरे भाजले, हिंगाला फाटा दिला. भाजणी गिरणीत मात्र नाही दिली, कारण आपल्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. मिक्सरवर थोडी थोडी काढली, दोन दुपारी गेल्या. सोबत अनारसे. तांदूळ, गूळ, खसखस. त्यात गव्हाचा संबंधच नाही. आपल्या आज्यांनी हे आधीच करून ठेवलंय!

परळच्या काकांचं प्रकरण सगळ्यांत अवघड. त्यांचं डायलिसिस चालू आहे. मी सुकामेव्याची पेटी घेणार होते आणि मोठ्या शहाणपणानं कमी सोडियमच्या मिठाचा चिवडा करणार होते. बरं झालं काकूंना फोन केला. "सुकामेवा नको गं, खोबरं नको. आणि ते मीठ तर मुळीच नको, त्यात पोटॅशियम असतं." मूत्रपिंडं काम करत नसली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि थेट हृदयावर येतं. म्हणजे माझी चांगुलपणाची भेट! मैत्रिणींनो, एक फोन करायचा आळस नको. काकांसाठी दादरच्या फूलबाजारातून शेवंती नेली. चिवडा काकूंनीच केला, मूठभर पातळ पोहे, कढीपत्ता, मिरची, मीठ त्यांच्या मापानं. मी फक्त परतायला उभी होते. काका दोन घास खाऊन क्रिकेटवर बोलत बसले.

भाऊबीजेला गिरगाव. या वेळी डबा एकच, सगळ्या घराचा. चिवडा, कडबोळी आणि लहान लहान करंज्या. वेगळी पेटी नाही, फीत नाही. वन्संनी एक करंजी उचलली, मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"घे. जेवणातला भात कमी केला तर डॉक्टर मला अर्धी चालेल म्हणालेत. मागच्या वर्षीच विचारलं असतंस तर सांगितलं असतं."