कळसूबाईला जाताना पाठीवर काय घ्याल?

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? कळसूबाई! उंची १६४६ मीटर. शाळेत असताना हे उत्तर आपण सगळ्यांनीच पाठ केलं, एक गुण मिळवला आणि विसरून गेलो. पण मुलं जरा मोठी झाली, भिशीच्या चौघीजणी जमल्या, की केव्हातरी विषय निघतोच, "एकदा कळसूबाईला जाऊन येऊ या ना!" जरूर जा. एका दिवसात होणारी ही सहल आहे आणि तिथे जाणाऱ्या बायकांची संख्याही काही थोडी नाही.

अकोले तालुक्यातलं बारी हे पायथ्याचं गाव. मुंबईकडून येणाऱ्यांनी कसारा-इगतपुरी करून घोटीला यावं. घोटीहून भंडारदऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावरच बारी लागतं. पुण्याच्या मंडळींना संगमनेर-अकोले मार्ग सोयीचा. गावातून निघालं की आधी भातखाचरं, मग दगडांची चढण, आणि जिथे कातळ सरळ उभा राहतो तिथे लोखंडी शिड्या. आठ-नऊशे मीटरचा चढ आहे. सवय नसणाऱ्याला वर जायला तीन-चार तास सहज लागतात. वर शेंदूर माखलेल्या देवीचं एवढंसं देऊळ आहे. आकाश मोकळं असेल तर एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी आणि दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग ही दुर्गांची रांग असा थाट दिसतो, की पायांचं दुखणं विसरायला होतं. नवरात्रात इथे यात्रा भरते आणि आसपासच्या गावांतल्या बायका ओटी घेऊन अनवाणीसुद्धा चढतात.

देवीची गोष्ट तर आपल्या जिव्हाळ्याचीच आहे. कळसू ही कोळ्याची पोर. रानात भटकायची तिला हौस. पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालूनच. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही! एके दिवशी घरातल्या कुणीतरी नेमकी तीच कामं सांगितली. तिनं ती केली, आणि निमूटपणे डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि केर काढला तो काळदरा, असं लोक सांगतात.

कळसू खाली आली नाही, पण आपल्याला मात्र यायचं आहे, बरं का! आणि सारं इथेच अडतं. सहलीच्या आदल्या रात्री आपण पिशवी भरतो ती वर जाण्याची. दशम्या, लोणचं, चिवडा, सगळ्यांना पुरून उरेल एवढं. ते हवंच. पण अडचणीसाठीची पिशवी भरायची असते ती उतरताना लागेल ते डोळ्यांपुढे आणून.

समजा, श्रावणातला दिवस आहे. दुपारचे चार वाजलेत. शिडीखालच्या निसरड्या दगडावरून एकीचा पाय मुरगळला. धुकं असं उतरलंय की दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण सहा अंशांनी गार होते, त्यात ओले कपडे आणि वारा. थांबल्यावर पाचच मिनिटांत दात वाजू लागतात. श्रावणात सातच्या सुमाराला अंधार पडतो, हिवाळ्यात सहालाच. लंगडत उतरायला दुप्पट वेळ लागणार. अशा वेळी पाठीवर काय असायला हवं? त्याचं उत्तर म्हणजेच तुमची यादी.

पहिली बॅटरी. मोबाइलचा उजेड आहे की, असं म्हणू नका. शिडी उतरताना दोन्ही हात शिडीला हवेत. म्हणून कपाळाला पट्ट्यानं बांधायची बॅटरी घ्या, प्रत्येकीची वेगळी. जादा सेलही बरोबर ठेवा. मोबाइलचं चार्जिंग फोनसाठी राखा आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. ११२ हा मदतीचा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या रेंजवरून लागू शकतो.

दुसरी शिट्टी. कुकरच्या शिट्ट्या मोजत स्वयंपाक करणाऱ्या आपल्याला हिचं महत्त्व काय सांगायचं! ओरडून घसा बसतो, धुक्यात आवाज विरतो, शिट्टी दूरवर जाते. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. डोंगरात याचा अर्थ 'आम्ही संकटात आहोत' असा होतो. शिट्टी पिशवीच्या तळाशी नको, गळ्यात हवी.

तिसरा कोरडा जोड. सुती कपडा भिजला की अंगाला चिकटून ऊब शोषून घेतो, लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते. म्हणून जुना लोकरी स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा. वर पोचल्यावर फोटोसाठी ते बाहेर काढायचे नाहीत. ते थांबावं लागलं तरच घालायचे.

चौथं आडोशाचं प्लॅस्टिक. इथल्या बायका भातलावणी करताना डोक्यावरून पाठीवर इरलं घेतात. पाऊस-वारा अडवला की माणूस टिकतं, हे त्यांना पुस्तक न वाचता ठाऊक आहे. आपण जेवणाच्या टेबलावरचं जुनं प्लॅस्टिक किंवा कचऱ्याची मोठी, जाड, कोरी पिशवी घडी करून न्यावी. दुखावलेल्या बाईला कोरडे कपडे घालून, खाली पिशवी किंवा दोर ठेवून त्यावर बसवावं आणि भोवती प्लॅस्टिक गुंडाळावं. तोंड मात्र मोकळं ठेवायचं. चंदेरी पातळ चादर मिळते तीही चांगली, वजनाला नगण्य.

पाचवं पाणी आणि खाणं. माणशी दोन-तीन लिटर पाणी हवं. वाटेतल्या झोपड्यांत सरबत मिळतं, पण त्यावर विसंबू नका. जलसंजीवनीची दोन पाकिटं ठेवा. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्याला साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा. शेंगदाण्याची चिक्की किंवा खजूर यांची एक पुडी अशी बांधा, की घरी परत येईपर्यंत ती फुटणारच नाही. परत आल्यावर मुलांना द्या!

सहावी औषधं. क्रेप बँडेज, जुन्या साडीच्या धुतलेल्या पट्ट्या, सेफ्टी पिना, चिकटपट्टी. जखमेतून रक्त वाहत असेल तर पाळीचा कोरा पॅड ठेवून घट्ट दाबून धरा. रक्तदाब, साखर, दमा यांची आपापली औषधं त्या दिवसापुरती नव्हे, एका दिवसाची जास्त घ्या. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला हलू न देता उचलून दवाखान्यात न्या.

आता काय घेऊ नये तेही सांगते. बाजारात 'संकटकाळची पेटी' म्हणून डबे मिळतात. त्यात मासे धरायचा गळ, तारेची करवत, चकमक! कळसूबाईवर मासे कोण पकडणार? आणि हा डोंगर अभयारण्यात आहे. तिथे जाळ करायचा नाही, आणि श्रावणात भिजलेलं लाकूड पेटणारही नाही. त्याच पैशात दोन चांगल्या बॅटऱ्या येतील.

दोन गोष्टी मात्र पैशांनी मिळत नाहीत. एक म्हणजे घरी ठेवलेली चिठ्ठी. कुठे जातोय, कोण कोण आहे, कुठल्या वाटेनं, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्यायचा, हे तीत लिहा. आपल्याकडे गिर्यारोहकांची बचाव पथकं हौसेनं, पदरमोड करून धावून येतात. पण शोधायचं कुठे, हे त्यांना कळायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे ही पिशवी ज्याची त्याच्या पाठीवर. आपली सवय अशी, की सगळ्यांचं सगळं एका मोठ्या पिशवीत, आणि ती पिशवी आपल्या किंवा यजमानांच्या खांद्यावर. मग चुकामूक झाली, की एकाकडे चार बॅटऱ्या आणि तिघे अंधारात. मुलगा बारा वर्षांचा असला तरी त्याची शिट्टी, बॅटरी, स्वेटर आणि पाणी त्याच्याच पाठीवर हवं. आणि तुमचंही तुमच्याच. घरातल्या प्रत्येकाचं भरून झाल्यावर जागा उरली तर स्वतःचं, असं या पिशवीत चालत नाही.

वजन फार होईल अशी भीती नको. पाणी सोडलं तर सारं मिळून दीड-दोन किलो भरेल. बहुतेक वेळा ते जसंच्या तसं परत येईल, आणि तसंच यावं. घरी आल्यावर सेल काढून ठेवा, स्वेटरला ऊन द्या, औषधांच्या तारखा बघा, आणि पिशवी खुंटीला लावून द्या. पुढच्या डोंगराला तेवढीच तयारी कमी!