पाच वर्षांची मुदत

आष्टा, रविवार रात्र

सुमे,

तुझा फोन आला तेव्हा मी एसटीत होते आणि एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे. कारखाने चालू झाले की सांगलीचा रस्ता कसा होतो ते तू विसरली असशील. म्हणून नुसतं ‘हो हो’ केलं. पण तुझ्या लेकीचा प्रश्न डोक्यात राहिला. लग्न करू, पण ‘जन्मभर’ असं आजच कुणी कसं सांगावं, असंच ना?

गंमत म्हणजे मी मिरजेला निघाले होते ते ‘जन्मभर’ ऐकायलाच. शाळेतल्या माझ्या जुन्या सोबतिणीच्या मुलीचं चर्चमध्ये लग्न होतं. नवरीची आजी डॉक्टर वानलेसांनी 1894 मध्ये उभारलेल्या दवाखान्यात नर्स होती, म्हणजे घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. पाळकांनी मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायावर उपदेश केला. देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये, हा त्याचा गाभा. मग मुलामुलीनं आपल्या तोंडानं, सगळ्या मंडळीसमोर वचन दिलं. आजारपण येवो, गरिबी येवो, मरेपर्यंत सोडणार नाही. मुलीचा आवाज मधेच अडकला आणि चर्च एवढं शांत झालं की बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. मला माझं लग्न आठवलं. सगळं भटजी बोलले. मी तोंड उघडलं ते थेट उखाण्याला, आणि तोही तूच पाठ करून घेतलेला!

शेजारी बसलेल्या मावशी मात्र पुटपुटल्या, “मरेपर्यंत ठीक आहे, पण मारेपर्यंत नको.” त्यांचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा 1869 चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, पण बायकोला नुसता त्याचा व्यभिचार पुरत नसे, जोडीला छळ किंवा दोन वर्षं टाकून देणं असं काहीतरी सिद्ध करावं लागे. ही तफावत 2001 मध्ये गेली आणि परस्पर संमतीची वाटही तेव्हाच उघडली. इतकी वर्षं वचन दोघांचं आणि ओझं एकीचं! बाईनं मार खात बसावं म्हणून वचन असतं, हे मला कुणीही पटवू शकणार नाही, पाळकही नाही.

पण लेकीला सांगायला माझ्याकडे दुसरीच गोष्ट आहे. लक्ष्मीबाई टिळकांची. आपण त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचत हसलो खूप, पण हा धागा तेव्हा हातून निसटला. लग्न 1880 चं, मुलगी अकरा-बारा वर्षांची. नवरा कवी, उदार आणि रागीट, तिन्ही भरपूर. 10 फेब्रुवारी 1895 ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं घर जागच्या जागी मोडलं. त्या लेकाला, दत्तूला, घेऊन पंढरपुरात.

आता कायदा बघ. धर्मांतर केलेल्यांसाठी 1866 चा कायदा होता. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको नांदायला तयार नसेल, तर त्यानं कोर्टात जायचं, कोर्ट तिला वर्षभराची मुदत देणार, तरीही ती नाही म्हणाली तर लग्न मोडून तो दुसरं करायला मोकळा. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या त्यासुद्धा सोवळं सांभाळून. जातपात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला, राहुरीच्या वाटेवर, आणि सोवळं सुटलं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोर्टानं दिलं असतं एक वर्ष, इथं गेली पाच. मला मिरजेतल्या त्या वचनापेक्षा ही पाच वर्षं मोठी वाटतात. टिळकांना फार देव्हाऱ्यात बसवू नकोस हं; घर मोडलं तेही त्यांनीच, तिला न विचारता.

आणि ते एवढ्यावर थांबले असते तर टिळक कसले! 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि आपल्या शेजारी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाईंचा संसार दुसऱ्यांदा हलला. 1919 मध्ये ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. ते कुणी पुरं केलं? शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. या कामाचं वचन त्यांच्याकडून कुठल्याच वेदीपुढे कुणी घेतलं नव्हतं.

लेकीला म्हणावं, ‘जन्मभर’ आज नाही सांगता आलं तर राहू दे. मुलगा वाट पाहणारा आहे का, तेवढं बघ. आणि तिनंही कुणाची पाहिली आहे का, ते तिला विचार. रागावली तर माझं नाव सांग.

‘स्मृतिचित्रे’ उद्या कुरियरनं पाठवते. पहिली चार पानं नाहीत. ती तू अकरावीत वाचायला नेऊन सुटी करून आणली होतीस आणि ‘चिकटवून देते’ म्हणाली होतीस. अजून वाट बघतेय.

तुझी,
आष्टेकरीण