मधाचा चमचा

यांची एच. डी. कोट्याला बदली झाली, तेव्हा माहेरचे म्हणाले, ‘‘हत्तींच्या गावाला चाललात!’’ म्हैसूरपासून पन्नासेक किलोमीटर, एका अंगाला कबिनीचं पाणी, दुसऱ्या अंगाला नागरहोळेचं जंगल. या रानात जेनू कुरुब लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले. कानडीत ‘जेनू’ म्हणजे मध. मध काढणारे, म्हणून जेनू कुरुब. त्यांच्यातले एक आजोबा आमच्या दारी मध घेऊन यायचे. काळसर, रानाचा वास असलेला! पहिली बाटली मी हौसेनं घेतली, दुसरी मात्र विचार करून. यांची साखर बंद करायची होती ना!

सकाळी लिंबूपाण्यात दोन मोठे चमचे, रात्री भाकरीबरोबर दोन. चहा सोडला म्हणून दुपारी डबाबंद फळांचा रस. मी स्वतःवर अगदी खूश होते.

एके रात्री हे कण्हत उठले. पायाचा अंगठा लालभडक, चादरीचा स्पर्शही सोसवेना. रक्तात युरिक ॲसिड ९.१ निघालं. गाऊट! मांस, मासळी, दारू बंद, असं सांगण्यात आलं. आमच्या घरात यातलं काहीच नव्हतं. मग शेजारणींच्या सल्ल्यानं मी तुरीची डाळही बंद केली. वरणाशिवाय भात जेवणारा कोकणी माणूस पाहिलाय कधी? हे मुकाट जेवत, आणि मला वाईट वाटून मी मधाचा चमचा शिगोशीग भरत असे.

तीन महिन्यांनी अंगठा पुन्हा सुजला. या वेळी म्हैसूरला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, ‘‘गोड काय खातात?’’ मी अभिमानानं म्हटलं, ‘‘साखर मुळीच नाही, फक्त मध.’’ त्यांनी पेन खाली ठेवलं.

मधात जवळपास ४० टक्के फ्रुक्टोज असतं. साखरेतही निम्मं तेच. यकृतात ते पोचलं की तिथल्या पेशी त्यावर तुटून पडतात आणि त्यापायी आपली ऊर्जा, म्हणजे एटीपी, भराभर खर्च करून बसतात. ग्लुकोजच्या बाबतीत पेशी वेळीच हात आखडते, इथे तसा आवर नाही. खर्चलेल्या एटीपीची मोडतोड होत होत शेवटी युरिक ॲसिड तयार होतं. बहुतेक सस्तन प्राणी ते आणखी मोडू शकतात, माणसाला ते जमत नाही. रक्तात ते ६.८ च्या वर गेलं की सांध्यात सुईसारखे स्फटिक धरू लागतात. फिनलंडच्या संशोधकांनी फ्रुक्टोजचा हा गुण १९६७ सालीच दाखवला होता. पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, रोज दोन किंवा अधिक साखरी पेयं पिणाऱ्या पुरुषांत गाऊटचा धोका, ती क्वचितच पिणाऱ्यांपेक्षा ८५ टक्के जास्त आढळला. आणि डाळ? २००४ च्या पाहणीत मांस-मासळीनं धोका वाढला, प्युरिन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी नाही. म्हणजे मी निरपराध वरण बंद केलं आणि चोराला रोज चमच्यानं घरात घेतलं!

परतीच्या बसमध्ये हे हसून म्हणाले, ‘‘अगं, भरवत तर तूच होतीस.’’ थट्टाच होती, पण मी कोटे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

गोळ्या सुरू झाल्या. नुसत्या पथ्यानं भागणारं दुखणं नव्हे हे. डबाबंद रस गेला. फळ खायचं ते चावून, तेही एखादंच. त्या दिवशी ताटात वरण वाढलं, तेव्हा यांनी आधी वासच घेतला. सहा महिन्यांनी युरिक ॲसिड ५.६ आलं.

प्रश्न उरला आजोबांचा. बाटली खांद्याला लावून ते दारात उभे. ‘‘अम्मा, जेनू बेडवा?’’ नको का मध? त्यांच्या मधाचा काय दोष? मी आतून लहान वाटी आणली आणि म्हटलं, ‘‘स्वल्प साकु.’’ थोडा पुरे. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती काठोकाठ भरून दिली.