पायऱ्यांचा डोंगर

संगणकाला डोंगर काढायला सांगितला की तो परदेशातला डोंगर काढतो. टोकदार सुळके, त्यांवर बर्फ, खाली पाइनची झाडं आणि मधे निळं तळं. निसर्गदृश्यं तयार करणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, पहिल्याच बटणाला असा देखावा समोर येतो. देखणा असतो तो. पण सिल्लोडहून गोळेगाव, अजिंठा करत फर्दापूरकडे उतरणाऱ्या माणसानं असला डोंगर वाटेत कधी पाहिलेला नसतो. आपला डोंगर माथ्यावर सपाट होतो. दक्षिणेकडून आलात तर तो डोंगर आहे हेसुद्धा कळत नाही. मका-कपाशीची शेतं चालू असतात, आणि एका वळणाला जमीन संपते; खाली एकदम खानदेश दिसायला लागतो.

हा डोंगर मी घरच्या संगणकावर काढतो. संगणक जुना आहे, चार जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. दिवसा त्यावर लग्नपत्रिका आणि बॅनर होतात, रात्री डोंगर. माझं या कामातलं मत आता पक्कं झालं आहे. दगड कसा बसलाय आणि पाणी कुठून गेलंय हे काढणाऱ्याला ठाऊक असेल, तर संथ मशीनवरही खरा डोंगर उभा राहतो. ते ठाऊक नसेल तर महागड्या मशीनवर नुसता आल्प्स लवकर तयार होतो.

मुळात संगणकाला सुळक्यांची सवय कशी लागली, ते पाहण्यासारखं आहे. १९८० साली बोइंग कंपनीत काम करणाऱ्या लॉरेन कार्पेंटरनं ‘व्हॉल लिब्र’ नावाची दोन मिनिटांची फिल्म केली. त्रिकोणाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचे कोपरे थोडे वरखाली ढकलायचे, परत तुकडे करायचे. मँडेलब्रो या गणितज्ञाच्या फ्रॅक्टल भूमितीतून आलेली ही युक्ती. त्यातून डोंगर उभे राहिले आणि कॅमेरा त्यांच्यावरून उडाला. ज्या यंत्रावर हे झालं, त्याच्यापेक्षा आज खिशातला साधा फोनही कितीतरी वेगवान आहे. पुढे केन पर्लिननं ‘नॉइज’ची, म्हणजे आकड्यांतून गुळगुळीत अनियमितपणा निर्माण करण्याची, पद्धत दिली, तिला १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ढग, संगमरवर, डोंगर, सगळं त्या नॉइजमधून निघतं. पण या दोन्ही पद्धतींना खडबडीतपणा तेवढा कळतो. थर कळत नाहीत, आणि पाणीही कळत नाही. फ्रॅक्टलच्या दरीत जागोजाग असे खड्डे राहतात की पाऊस पडला तर पाणी तिथंच साठेल. खऱ्या जमिनीवर लाखो वर्षं पाऊस पडलेला असतो, आणि पाण्यानं आपली वाट काढलेली असते. १९८९ मध्ये मसग्रेव्ह आणि त्याच्या सोबत्यांनी फ्रॅक्टल डोंगरावर पाणी सोडून त्याची धूप करण्याची पद्धत मांडली, तेव्हा कुठे संगणकातल्या दऱ्या दऱ्यांसारख्या दिसू लागल्या.

आपल्याकडे थरांचा प्रश्न त्याहून मोठा. दख्खनचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन आला, आणि एकावर एक आडवा पसरत गेला. लाव्ह्याच्या दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा भाग कुजला, त्याची तांबडी माती झाली, मग पुढचा लोट. हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही. विहिरीत बसतं. आमच्या भागात नवी विहीर खोदत असतील तिथं जाऊन काठावर उभं राहावं. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, कुठे हातभर तांबडा पट्टा, आणि खाली सुरुंगालाही सहज दाद न देणारा काळा पाषाण. खोदणारी माणसं परसापरसाला दगड बदलल्याचं सांगतात. मांजऱ्या लवकर झिजतो, पाषाण टिकतो. अजिंठ्याच्या डोंगराची कड म्हणजे अशीच एक विहीर, एका बाजूनं उघडी पडलेली. जिथं पाषाण आहे तिथं उभा कडा, जिथं मांजऱ्या आहे तिथं उतरता धस. त्या धसावर पाणी झिरपतं, म्हणून झाडं तिथं रांगेनं उभी राहतात. लांबून पाहिलं तर डोंगरावर हिरव्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच.

एवढं कळलं की काम सोपं होतं. उंचीच्या आकड्याला एक पायऱ्यांचा आलेख लावायचा: काही उंचीपर्यंत उतार सौम्य, मग एकदम उभा, परत सौम्य. पायऱ्या सारख्या जाडीच्या ठेवायच्या नाहीत, कारण लोट सारख्या जाडीचे नव्हते. कडेला थोडा नॉइज द्यायचा, तिथं पर्लिनची पद्धत फार उपयोगी पडते. मग सॉफ्टवेअरला नियम सांगायचा की उतार कमी तिथं गवत आणि झाडं, उतार जास्त तिथं उघडा दगड. मशीनला याचा भार जवळजवळ पडत नाही. आणि डोंगर एकदम आपला होतो. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांत खडक ठोकळ्यांवर ठोकळे रचल्यासारखे काढलेले आहेत. त्याला चित्रकलेतला संकेत म्हणतात. मला मात्र वाटतं, त्या चितारी लोकांनी लेण्यांखालच्या वाघोरा नदीच्या काठचा दगड रोज पाहिला होता.

डोंगराची बैठक खऱ्या मापावर घ्यायची तर तेही घरबसल्या मिळतं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं साठ मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. तो नकाशा एक-एक अंशाच्या चौकोनांत वाटलेला आहे. सिल्लोड, अजिंठा, लेणी, वेताळवाडीचा किल्ला हे सगळं २० अंश उत्तर आणि ७५ अंश पूर्व या कोपऱ्यापासून सुरू होणाऱ्या एकाच चौकोनात येतं. त्यात आडवे ३६०१ आणि उभे ३६०१ बिंदू, म्हणजे एक कोटी तीस लाखांच्या आसपास. चार जीबीच्या संगणकावर एवढं जाळं उघडलं तर तो बसून राहतो. पण दहा किलोमीटर लांब-रुंद तुकडा कापून घेतला की उरतात लाखभर बिंदू, आणि ते तो आरामात सांभाळतो. कापायला क्यूजीआयएस, पुढच्या कामाला ब्लेंडर, दोन्ही सॉफ्टवेअर मोफत. ब्लेंडरच्या २.८ पासूनच्या आवृत्त्या जुन्या ग्राफिक्सवर चालत नाहीत, तिथं २.७९ वापरावी. एक काळजी घ्यावी: उंचीचं चित्र सोळा बिटांत जपून ठेवावं. आठ बिटांत फक्त २५६ पायऱ्या मिळतात, आणि पाचशे मीटरच्या चढउतारावर दर दोन मीटरला खोटी पायरी उमटते. आमच्या भागात ही खोट जास्त फसवी, कारण पायऱ्या दिसल्या की डोळ्याला खरंच वाटतं.

या मापात कडा मात्र हरवतो. लेणी ज्या नालाकृती कड्यात कोरली आहेत तो सुमारे ७६ मीटर उंच. मोजणीचे बिंदू तीस-तीस मीटरवर. उभा कडा त्यात दोन-तीन बिंदूंचा उतार होऊन बसतो. शिवाय जागेला एकच उंची लिहिता येते, त्यामुळे पुढे आलेली कपार किंवा आत गेलेलं लेणं या नकाशात मावतच नाही. कडा वेगळा घडवावा लागतो, हातानं. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथं जातो आणि तो जावा असंच मला वाटतं. दगडाचे फोटो आषाढ-श्रावणात, आभाळ भरलेलं असताना काढावेत. उन्हातल्या फोटोत सावली दगडाला चिकटून येते आणि चित्रातल्या सूर्याशी भांडते.

संथ मशीनवर काटकसर कुठे करायची, हा खरा कसबाचा भाग. किरणांचा हिशेब करणाऱ्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणक अंतिम चित्र काढतो तेव्हा, चित्रावर कण राहतात. ते निम्मे करायचे तर किरणांचे नमुने चौपट घ्यावे लागतात, म्हणजे वेळही चौपट. म्हणून नमुने वाढवत बसण्यापेक्षा धुकं, धूळ, हवा यांचा हिशेब किरणांकडून काढून घ्यावा. हवेचा थर खराखुरा भरला तर माझ्या संगणकावर रात्र पुरत नाही. त्याऐवजी अंतराची करडी प्रतिमा वेगळी काढायची आणि चित्र झाल्यावर लांबच्या डोंगरावर रंग चढवायचा. दसऱ्यानंतर तो निळसर असतो, वैशाखात धुळीनं पांढुरका-पिवळा. झाडांचंही तसंच. साग, पळस, सालई, हिवर असे मोजके नमुने नीट करायचे आणि त्यांच्याच प्रती वळवून, लहानमोठ्या करून पसरायच्या. प्रतीला रॅम लागत नाही म्हटलं तरी चालेल. वीज जाते त्या गावात अख्खं चित्र एका दमात लावू नये. बॉर्डर रेंडरनं पट्ट्या पाडाव्यात, प्रत्येक पट्टी झाली की जपून ठेवावी, सकाळी जोडाव्यात.

आणि सूर्य. सॉफ्टवेअर सूर्य कुठेही ठेवू देतं, म्हणून बहुतेक जण सोयीचा ठेवतात. इथं तसं करून चालत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कड्याचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला राहतो, तेव्हा फर्दापूर-सोयगावच्या बाजूनं कडा सावलीतच दिसतो. त्यावर तिरपं ऊन येतं ते उन्हाळ्याच्या सकाळ-संध्याकाळी, सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो-मावळतो तेव्हा. मेच्या उत्तरार्धात एका दुपारी सिल्लोडला सावली पायाखाली नाहीशी होते; त्या वेळेचं चित्र सपाट येणारच. पानं किती ठेवायची, तेही महिन्यावर ठरतं. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली ती २८ एप्रिल १८१९ रोजी. तेव्हा झाडं निष्पर्ण असणार, हे मला त्या घटनेइतकंच महत्त्वाचं वाटतं. भादव्यात लेण्यांचा तोच कडा हिरवाईत अर्धा लपलेला असतो.

माथ्यावरची शेतं मी कधी गाळत नाही. निसर्गदृश्य म्हणजे माणूस नसलेली जागा, ही समजूत परक्या चित्रांतून आली आहे. आमच्या डोंगरावरून पाहिलं तर बांध दिसतात, विहिरी दिसतात, उन्हाळ्यात मिरचीच्या मल्चिंग पेपरच्या चंदेरी रेघा लांबूनच चमकतात. ते काढून टाकलं तर सिल्लोड उरत नाही.

घरात जुना संगणक पडून असेल तर तो भंगारात देऊ नका. आपल्या तालुक्याचा उंचीचा चौकोन उतरवून घ्या. उलगडल्यावर तो सव्वीस एमबीच्या आसपास भरतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. आपल्या शिवारातला एखादा ओढा निवडा, त्याच्या काठानं एकदा चालून या, कुठे कुठला दगड उघडा पडलाय ते टिपून घ्या, आणि मग रात्री रेंडर लावा.