जुन्या गाडीचे वंगण

कुर्ल्याच्या कारखान्यात १९८५ साली घडलेली वडिलांची प्रीमियर पद्मिनी धूर ओकू लागली, तेव्हा मालकाने मिस्त्रीकडे सर्वांत दाट तेल मागितले. वृद्ध मिस्त्रीने मान हलविली. यंत्र झिजले की आतील फटी रुंदावतात, पातळ तेल निसटते व दाब घटतो, हे खरे. परंतु अतिदाट तेल थंड यंत्राच्या माथ्यापर्यंत लवकर चढत नाही, आणि त्या पहिल्या क्षणांतच झीज अधिक! त्याने २०डब्ल्यू-५० चा डबा उघडला. ‘डब्ल्यू’सह असलेला आकडा थंडीतील वाहतेपणाचा (मुंबईत थंडी ती कितीशी!), तर ५० हा तापलेल्या तेलाच्या दाटपणाचा. धुराचे मूळ मात्र पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांत होते. त्या बदलण्याचा खर्च ऐकून मालक गप्प झाला. तेल भरून तो निघाला. धूर मागे तरंगतच राहिला.